शंभर टक्के हजेरी

अगं, परदेशात पब्लिक हेल्थ शिकून आले तेव्हा वाटलं होतं, कॉलेजची पोरं बीपी तपासायला फिरकणारच नाहीत. घाटकोपरच्या एका कॉलेजात टेबल मांडलं, तर ही मोठी रांग! आणि नॉर्मल आहे म्हटलं की तोंडं पडायची.

"ताई, नीट बघा ना. थोडं तरी जास्त असेल."

एक जण तर चार मजले धावत चढून धापा टाकत खुर्चीत बसला. मला काही कळेना. आजारी नाही म्हटल्यावर रडकं तोंड कोण करतं?

नावं लिहून घेणारी त्याच कॉलेजची प्राजक्ता हसली. "ताई, यांची हजेरी कमी आहे. बीपीचं सर्टिफिकेट लावलं की परीक्षेला बसू देतात."

मी वैतागून रांग हाकलली आणि सहज तिच्याच हाताला पट्टा बांधला. बरंच जास्त! दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं, तरी तेवढंच. विचारलं तर वडिलांना बीपी, कॉलेजनंतर कॉल सेंटर, झोप चार तास, जेवणाला वेफर्स.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"मला कशाला बीपी? माझी हजेरी शंभर टक्के आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला रिक्षात कोंबलं आणि वाटेतच ठरवलं: यापुढे आधी हजेरीपट मागायचा. ज्यांची एकही दांडी नाही, त्यांना पहिलं तपासायचं.