दाजींची उपाशीपोटीची तपासणी

चहाचा एवढा आग्रह करून राहिलात, म्हणून सांगतो. आमचे दाजी, म्हणजे बहिणीचे मालक, शिरूर अनंतपाळहून पहिल्या गाडीनं लातूरला माझ्याकडं आले. पायाला लई मुंग्या यायच्या, म्हणून शुगर तपासायची होती.

"चहा नको, उपाशीपोटी रक्त द्यायचंय."

मी म्हणलो, "जावई माणूस आमच्या घरून कोरड्या तोंडानं जाणार? घोटभर चहानं काय होतंय?" वर बशीभर शिरा खाऊ घातला.

लॅबवाल्यानं विचारलं, "काही खाल्लं का?" दाजी खरं बोलले.

"मग उद्या या."

उद्या सोयाबीनची काढणी होती. त्यांचा तो उद्या दीड वर्षानं उजाडला, तेव्हा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

परवा कुबड्या टेकत घरी आले. मी नुसतं पाणी दिलं.

तेच म्हणाले, "काय पाव्हणं, आता चहाबी इचारत न्हाई का?"