रुंद पडद्यावरचा जावई

— फसवलं हा शब्द माझ्या घरात परत काढायचा नाही, जगन. जिन्यातून ओरडत आलास, चपलासुद्धा काढल्या नाहीस — काढ आधी — आणि आता अख्ख्या सोसायटीला ऐकवतोयस की गोदूआत्याने पैलवान दाखवला आणि निघाली काडी. मी पैलवान दाखवला नाही आणि काडीही दाखवली नाही. मी प्रितम दाखवला. जासईचा, कंटेनर यार्डात सुपरवायझर असलेला, तंबाखूसुद्धा न खाणारा प्रितम. तू त्यात काय बघितलंस ते तुझं तू बघ. आणि काल त्यांच्या घरी काय करून आलास ते मला कळलंय हो, सकाळीच त्याच्या आईचा, मैनाचा फोन आला होता. मुलगा स्वतः चहाचा ट्रे घेऊन आला, वाकून तुझ्या पाया पडला, आणि तू त्याच्याच डोक्यावर हात ठेवून विचारलंस, ‘दादा कुठेय तुझा?’ असं कोणी विचारतं? घरात एकुलता एक मुलगा आहे तो!

बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, या पलंगावर बस. कम्प्यूटर चालू करते, तुझ्यासमोर करते. होता ना फोटो असाच? हाच ना? नीट बघ. दंड केवढे, छाती केवढी, मान तर खांद्यातच गेलेली. आता मुलाच्या मागे बघ. मागे काय आहे? ट्रेलर आहे. ट्रेलरची चाकं कशी आहेत? बोल ना. लंबगोल आहेत! अंड्यासारखी! आयुष्यभर डंपर फिरवलेस तू, उलव्याच्या भरावाची अर्धी माती तुझ्या गाड्यांनी टाकली, आणि तुला दिसलं नाही? लंबगोल चाकांवर कुठला ट्रेलर चालतो, सांग मला. चाकं खोटी आहेत तर मुलगाही तेवढाच खोटा, हा साधा हिशोब तुला करता आला नाही आणि फसवलं मी!

सांगते ना, स्क्रीन अशी का झाली तेही सांगते. आधीची माझी स्क्रीन पेटाऱ्यासारखी होती, चौकोनी. ती एके दिवशी चर्रर्र करून गेली. मग ही आणली, चपटी, रुंद. दुकानदार म्हणाला आता अशाच येतात. आणून लावली तर सगळी दुनिया आडवी पसरली. का? कारण या डब्याच्या आत ग्राफिक्स कार्ड असतं, चित्र काढून पाठवायचं काम त्याचं. त्याला ड्रायव्हर लागतो — गाडीचा नव्हे रे, सॉफ्टवेअरचा. तो ड्रायव्हर नसला की कार्डाला समजतच नाही की समोरचा पडदा रुंद आहे. ते आपलं चौकोनी चित्र पाठवत बसतं, आणि स्क्रीन बिचारी दोन्ही बाजूंनी धरून ते ताणते. आखूड चादर मोठ्या गादीवर ओढून बसवतात ना, तसं. म्हणून माणसं रुंद.

काय म्हणालास? कम्प्यूटरवर सगळ्यांकडे असतं ते टाकायचं? म्हणजे ते चोरीचं, सीडीवरून टाकतात ते? अजिबात नाही. ते होतं आधी. तुम्ही लोक आपापले पेनड्राइव्ह आणून खुपसायचे आणि त्यातून असले व्हायरस यायचे की एकदा विचुंबे गावच्या सगळ्या मुलींचे फोटो गेले. एका दिवसात! तेव्हापासून माझ्या कम्प्यूटरवर लिनक्स, फुकटचं आणि असले व्हायरस न लागणारं. चौथी शिकलेय मी, इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरून शिकले, पण लिनक्स मला कोणी शिकवलेलं नाही आणि मी कोणाला विचारायला गेले नाही. आणि फोटो घरी नेऊ देत नाही ते आजचं आहे का? पहिल्यापासून तसंच आहे. मुलीचा असो, मुलाचा असो, इथे यायचं, या पलंगावर बसायचं, बघायचं आणि जायचं. नाहीतर कोणाचीही मुलगी कोणाच्याही मोबाइलमध्ये फिरते. तुलाच पटलं होतं ते, तूच म्हणाला होतास, आत्या बरं करता.

आणि तू एकटाच बघून गेलास का? मैनाही बघून गेली की तुझ्या हेतलला. याच स्क्रीनवर! मग तिला नाही दिसली तुझी मुलगी रुंद? दिसली ना. काय खूश झाली माहितीय? ‘पोरगी अंगानं बरी हाय, आमाला अशीच पायजे, ती आजकालची काटकुळी नाय’ — असं म्हणून गेली. आता तुझी हेतल कशी आहे हे मी तुला सांगू? वाऱ्यावर वाळत टाकलेली ओढणी आहे ती. रविवारी ते तुझ्या घरी येतील, हेतल पोहे घेऊन येईल, आणि मैना तिला विचारेल, ‘ताई कुठं हाय तुझी?’ मग तू काय म्हणणार आहेस? फसवलं म्हणणार आहेस? दोन्ही बाजू सारख्याच ताणल्या गेल्यात, जगन. यापेक्षा सरळ व्यवहार पनवेलमध्ये कुठे होतो दाखव.

बरं. नाही पटत ना? मग करते सरळ. आत्ता करते, तुझ्यासमोर. हे काळं झालं त्याला घाबरू नकोस, चित्र बंद केलं, आता नुसती अक्षरं येणार. सुडो लिहायचं — म्हणजे मालकिणीच्या हुकमाने. मग पासवर्ड. तिकडे बघ तू. तिकडे! हं. आता एक फाइल असते, तिच्यात लिहिलेलं असतं की कार्ड कुठलं, स्क्रीन केवढी रुंद, केवढी उंच. ती बदलली की झालं. ही बघ... नाही, ही नाही. ही. एक अक्षर चुकलं तर हा काळाच राहतो, एकदा आठवडाभर काळा होता, मी जेवले नव्हते धड. दोन लग्नं खोळंबली होती. वाचू नकोस पुढे येऊन. वाचू नकोस म्हटलं ना!

हो, दोन फाइली आहेत. एकीचं नाव जाड आहे, एकीचं बारीक आहे. मग? माझा कम्प्यूटर, माझ्या फाइली, मी त्यांना काय वाटेल ते नाव देईन. हो, ‘बारीक’वर तारीख दिवाळीची आहे. दिवाळीपासून येतं मला हे, त्यात काय एवढं, बऱ्याच गोष्टी येतात मला — नाही, म्हणजे दिवाळीत नीट केली होती, मग परत... थांब. तोंड बंद ठेव जरा. स्टार्ट होऊ दे. आली. आली बघ! चाकं गोल! बघ, टायर कसे गोल गरगरीत. आणि हा प्रितम. आहे बारीक. मी कुठे नाही म्हटलं? पण डोळे बघ मुलाचे. नाक बघ. आधी नाकसुद्धा पसरलं होतं, आता कसं धारदार दिसतंय.

उठलास कशाला? कुठल्या साइटवर? तुझ्या साइटवर मजुरांना दम द्यायला जावई पाहिजे तुला, होय ना? छाती काढून उभा राहणारा, सोन्याची चेन शोभणारा, नारळ फोडताना फोटोत तुझ्या बाजूला भरलेला दिसणारा. मग मुकादम ठेव की! पगारावर मिळतो. त्यासाठी मुलगी कशाला द्यायची? तो मुलगा कंटेनर मोजतो, उचलत नाही. त्याला दंड काय करायचेत?

नाही, जासईवाल्यांनी मला काही दिलं नाही. साडीसुद्धा नाही. शपथ घालू नकोस मला. दिवाळीत नीट केलेली स्क्रीन परत का ताणली, हा प्रश्न तू तिसऱ्यांदा विचारतोयस आणि तिसऱ्यांदा सांगते, मी म्हातारी आहे, चुकून झालं. नाही विश्वास बसत? मी म्हातारी आहे यावर की चुकले यावर? — खरं आहे. मी चुकत नाही. पण मला बोलायचं नाही, मी शब्द दिलाय. कोणाला ते विचारू नकोस. कोणाला म्हणजे एका माणसाला. बाईमाणसाला. आता पुरे. पाणी पी.

फोन कशाला काढलास? मैनाला लावतोयस? आत्ता मोडणार तू, असा उभ्या उभ्या, माझ्या घरातून? रविवारची तयारी करतेय ती मुलगी, ब्लाउज शिवायला टाकलाय तिने, आणि तू दंड बारीक म्हणून... जगन, फोन ठेव. वाजतोय का? वाजू दे, कट कर. ऐक माझं, कट कर आणि बस खाली, कारण हे उभ्याने ऐकवणार नाही तुला. त्या मुलाचा फोटो मला जासईवरून आलाच नव्हता — तुझ्या हेतलने आणून दिला, स्वतःच्या पेनड्राइव्हमधून, आणि जाताना दारात उभी राहून म्हणाली, ‘आत्या, बाबांचं बघून होईपर्यंत तेवढी स्क्रीन परत जाड करून ठेवा.’