भैरूचा पांढरा सदरा

पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात भरती चालू होती. नोकरीसाठी फाटकापाशी रांगेत उभ्या असलेल्या इंदुताईंच्या पुढे निघोजे गावचे दोघे होते, सावळाराम आणि भैरू. त्यातला धाकटा, भैरू, दोन्ही हात अंगाला चिकटवून उभा होता.

“हात मोकळं सोड की, भैरू. घामानं भिजलास.”

“नगं, सावळादा. काखंत पिवळं डाग हायती. हितं स्वच्छ मानूसच घेत्यात म्हनं.”

“सदरा धुतला न्हाईस व्हय?”

“एकच हाय. रोज धुऊन विरंल, म्हनून घाम वाळला की घरवाली शकू तांब्यात चुलीतलं इंगळ घालून इस्तरी फिरवती.”

“तितंच घोटाळा झाला. घामावर इस्तरी फिरली की डाग भाजून पक्का बसतो. अंगातनं काढला की लगीच गार पान्यात बुडवायचा, अन् काखंला तुरटी चोळायची.”

“आदी सांगायचं न्हाई व्हय? तुला कसं ठावं?”



फाटकातून कारकून ओरडला, “भैरू गेनबा येळवंडे कोण? हात वर करा!”

भैरूचा हात काही उठेना.

“ह्यो हितं हाय, सायेब!” म्हणत सावळारामानेच आपला हात उंच केला. त्याच्याही काखेत तसाच पिवळा डाग होता.

भैरूने तो पाहिला आणि हात वर केला.