मोठ्या काकांचा निरोप

लेक: आधी बसा, बाबा. मनगट द्या इकडे.

बाबा: मनगट राहू दे. दादा कधी गेला?

लेक: कोणी सांगितलं तुम्हाला?

बाबा: औषधाच्या दुकानात पॉलिशवाला भेटला. आमच्या वर्कशॉपमधल्या कपाटांना बावीस वर्षं त्याचाच हात लागलाय. माझा खांदा धरून म्हणाला, मोठे शेठ गेले, फार वाईट झालं. आणि मी आपला विचारतोय, कुठे गेले?

लेक: तीन आठवडे झाले. मंगळवारी सकाळी गेले. यकृताचं दुखणं होतं, दोन महिने अंथरुणावरच होते.

बाबा: दोन महिने. आणि तू रोज माझ्यासमोर बसून जेवत होतीस.

(लेक त्यांच्या मनगटावर बोटं ठेवते. घड्याळाकडे बघत मनात मोजते.)

लेक: एकशे अठरा. तेही सरळ नाहीत. दोन घाईत पडतात, मग एक गायबच. याच्यासाठीच नाही सांगितलं.

बाबा: याच्यासाठी?

लेक: फेब्रुवारीत काकांचा फोन आला, तुम्ही कडाकडा भांडलात, आठवतंय? दीडशेच्या वर गेले होते ठोके. दोन दिवस वॉर्डात काढलेत. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, हृदय असं नुसतं थरथरत राहिलं तर आत रक्ताची गुठळी होते, ती मेंदूकडे गेली की संपलं. मी घरी आले आणि तुमची कडक कॉफी बंद केली. तुमचं जागरण बंद केलं, मित्रांबरोबरचं पिणं बंद केलं. काकूंचा फोन आला की गॅलरीत जाऊन बोलायला लागले. तेही त्याच यादीत धरलं मी.

बाबा: कॉफी आणि माझा भाऊ एकाच यादीत.

लेक: हो. चुकलं माझं, बाबा.

बाबा: भांडण कशावरून होतं, ठाऊक आहे तुला?

लेक: तुम्हाला वर्कशॉपमधून काढलं म्हणून.

बाबा: काढलं नव्हतं. ते मी सांगत फिरलो. करवतीच्या मशीनवरून उठवलं होतं त्याने. फळी सरकवताना मला चक्कर आली, हात पात्याजवळ गेला. त्यात ती रक्त पातळ करायची गोळी चालू. बोट गेलं असतं तर रक्त थांबता थांबलं नसतं. दादा म्हणाला, आजपासून तू मापं घे, नकाशे काढ, मशीनला हात लावायचा नाही. चार कारागिरांसमोर म्हणाला. झोंबलं मला. एप्रन काढून फेकला आणि निघालो, तो निघालोच.

लेक: पण त्यांचं बरोबर होतं.

बाबा: ते मला रस्त्याच्या वळणावर पोचेपर्यंतच कळलं होतं.

लेक: मग त्यांच्याशी न बोलता दोन वर्षं का थांबलात?

बाबा: डॉक्टर म्हणाले, मनाला ताण देऊ नका. आयतंच निमित्त मिळालं. फोन हातात घेतला की छातीत फडफडायचं. म्हणायचो, नको, तब्येत आधी. फेब्रुवारीत त्यानेच केला फोन, तेव्हाही मीच आधी आवाज चढवला. आणि तू बंद केलेली कॉफी मी कोपऱ्यावर जाऊन चोरून प्यायचो, तेव्हा नाही आठवली तब्येत. तुला एकटीला कुठल्या तोंडाने बोलू?

लेक: बोला, बाबा. बोललात तर बरं वाटेल मला.

बाबा: शेवटी माझं नाव काढलं त्याने?

लेक: जायच्या आठ दिवस आधी. ऑफिसचं काम आहे सांगून मी भेटायला गेले होते. आवाज अगदी खोल गेला होता. म्हणाले, त्याला एकदा घेऊन ये. मी मागचं काही काढणार नाही, नुसता येऊन बसू दे.

बाबा: तू काय म्हणालीस?

लेक: म्हटलं, बाबांचे ठोके पुन्हा बिघडलेत, डॉक्टर घराबाहेर पडू देत नाहीत.

बाबा: त्याला पटलं?

लेक: लगेच. उलट मलाच म्हणाले, मग नको आणूस, त्याला जप.

बाबा: त्या आठवड्यात मी ठणठणीत होतो गं. रोज सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारून येत होतो.