निळ्या फाटकापाशी

पाणपक्ष्यांच्या अभयारण्याबाहेर, तिकिटाच्या रांगेत, माझ्यापुढे दोन सायकली होत्या: एक निवृत्त पोस्टमनची, दुसरी त्यांच्या लेकीची. बोलण्यावरून पैज कळली. हवं तितकं रमतगमत या, पण घरापासून इथवर पाय टेकला नाही, तर म्हातारबुवांनी खुशाल आपल्या घरी एकट्यानं राहावं. टेकला, तर बाडबिस्तरा लेकीकडे.

"जिंकलात, बाबा. आता मिरवू नका."

"कसला जिंकलो? टेकला पाय."

"कधी?"

"निळ्या फाटकापाशी. एकतीस वर्षं तिथं पत्रं टाकली. ते फाटक दिसलं की पाय आपोआप खाली येतो."

"मी नाही पाहिलं."

"माझ्या मागेच तर होतीस!"

"बगळे बघत होते."

"तिथं कुठले बगळे? तिथं पिठाची गिरणी आहे."

"पांढरं काहीतरी होतं खरं."

"खोटं बोलताना त्या घंटीशी चाळा करू नकोस."

"तुमच्यासाठी खोली रिकामी केली होती, बाबा. पडदेसुद्धा शिवले."

"मग आता?"

"पडदे कुठं पळून जातायत? रोज सकाळी उठलात की मला फोन करायचा."

"आणि विसरलो तर?"

"तर मी सायकल काढीन. आणि वाटेत कुठ्ठे पाय टेकणार नाही."

रांग पुढे सरकली. तिकिटं बाबांनी काढली. पैजेची किंमत मात्र लेकीनं भरली.