गंजीतली काळी वडी

अध्यक्षस्थानी विराजमान असलेले प्राचार्य रूपराव काळमेघ साहेब, आजचे प्रमुख पाहुणे आणि आपल्या कॉलेजामागच्या जिनिंग फॅक्टरीचे मालक आदरणीय अण्णाजी गावंडे, माझे सहकारी, विद्यार्थी, आणि वर्धा शहरातून तसंच सेलू-देवळीकडून आवर्जून आलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक लक्ष्मणराव ढगे आज सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्या गौरवासाठी रसायनशास्त्राच्या बाईंना का उभं केलं, असं कुणाला वाटेल. कारण साधं आहे. ज्या काळ्या वडीमुळे सरांचं नाव गावभर झालं, तिची भुकटी माझ्या भट्टीत भाजली गेली. घरचं एक पातेलंही त्यात कायमचं वाया गेलं. सासूबाई समोरच बसल्या आहेत, तेव्हा तो विषय इथेच थांबवते.

ही वडी व्हॅनेडियम नावाच्या धातूच्या ऑक्साइडची. यंदा पावसाळ्यात सरांनी एका परदेशी नियतकालिकात तिच्याविषयी वाचलं आणि त्यांची झोप उडाली. एरवी तिच्यातून वीज जेमतेम झिरपते. अडुसष्ट अंशांपर्यंत तापवली, की तीच वडी धातूसारखी वीज वाहू लागते. सर वर्गात सांगायचे, "इलेक्ट्रॉनला अणूत बसायला वेगवेगळ्या दिशांच्या जागा असतात. थंड असताना सगळे एकाच दिशेच्या जागा धरतात, शेजाऱ्याशी जोडी बांधतात आणि हलत नाहीत. ताप वाढला तरी हलत नाहीत. आणि मग सगळे मिळून उठतात. आधी एक, मग दुसरा, असं नाही."

कापसाची गंजी आतून धुमसते आणि बाहेरून थंड राहते, हे वर्ध्यात कुणाला सांगायला हवं? सरांनी वडी लोखंडी नळीत घालून जिनातल्या गंजीच्या पोटात खोचली आणि तारा घंटीला जोडल्या; वडी तापली की वीज वाहणार आणि घंटी वाजणार. अण्णाजींनी त्याला मोठ्या मनानं परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

दिवाळीनंतर जिन सुरू झालं आणि एका दुपारी घंटी वाजली. सर आणि मी धावत गेलो. धूर नव्हता, वास नव्हता. मुकादम नत्थूजी गंजीवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, हे त थंडगार हाय. काम काऊन बंद करावं?"

सर म्हणाले, "कामावरच्या बाया बाहेर काढा. गंजी मात्र उकलू नका. आत हवा शिरली की भडका होईल. आधी पाणी आणा."

नत्थूजींनी बाया बाहेर काढल्या. पण त्या वेळी जे गृहस्थ व्यवस्था पाहत होते, त्यांना घंटी खोटी ठरवायची घाई होती. त्यांनी तानबा हमालाला गंजी उकलायला लावली. फावडं आत गेलं आणि आगीचा लोळ तानबाच्या अंगावर आला. आठवडाभर तो दवाखान्यात होता. मग गेला. त्याच्या पत्नी आनंदाबाई आज इथे आल्या आहेत. बाई, तुम्ही आलात, हे आमच्यावर उपकार आहेत.

राखेतून वडी काढली तेव्हा तिचे तीन तुकडे झाले होते. सरांनी मला दाखवलं: तो उंबरठा ओलांडताना वडीची आतली घडणच बदलते, ती ताणते आणि तडकते. नवी वडी तापवून तपासली, तर तिथेच तडा जातो. न तपासता बसवली, तर ती वाजेलच याचा भरवसा काय? तडकलेली वडी आणि थंड गंजी दोन्ही सारख्याच गप्प असतात. म्हणून सरांनी नत्थूजींना बजावलं होतं, "घंटी असली तरी रोज गंजीत सळई घालायची, बाहेर काढून हात लावून पाहायची."

मघाशी अण्णाजींनी आपल्या सुंदर भाषणात विज्ञानाचा गौरव केला. ते म्हणाले, नवी घंटी बसवल्यापासून एकदाही वाजलेली नाही, त्यामुळे सळईचं खटलं आम्ही बंद केलं, माणसं कामाला मोकळी झाली. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. सरांनी वाजवल्या नाहीत. ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "सेलूकडचा ओला कापूस त्या नव्या घंटीच्याच गंजीत पडलाय, ओला माल आतून तापतो. मी पाहून येतो. बाई, तुम्ही बोलत राहा. निम्मं सभागृह जिनातल्या लोकांचं आहे, सगळे तिकडे धावले तर अनर्थ होईल."

त्यांची खुर्ची का रिकामी आहे, हे आता आपल्याला कळलं असेल. म्हणूनच मी इतका वेळ घेतला.

नत्थूजी दारात आले आहेत. नत्थूजी, तिथूनच सांगा, सगळ्यांना ऐकू द्या.

"बाई, सळई हातात धरवत नाई! घंटी वाजलीच नाई. बाया बाहेर काढल्या, सर फाटकात उभे हायेत. अण्णाजीले म्हना, गंजी उकलू देऊ नोका, पयले पानी पाह्यजे!"

ऐकलंत? तुमच्या घरच्या बाया बाहेर आहेत. कुणी धावू नका. अण्णाजी, पंप आपल्या शब्दाशिवाय सुरू होणार नाही, आपण आधी निघावं. बाकीच्यांनी लेकरांचे हात धरून मैदानाकडच्या दारानं बाहेर पडावं. आनंदाबाई, तुम्ही माझ्याबरोबर चला.

अध्यक्षमहाराजांची परवानगी न घेता सभा मोडते आहे. पाहुण्यांविषयी काही कमीजास्त बोलले असेन, तर मोठ्या मनानं पोटात घाला. शांतपणे ऐकून घेतलंत, मी सर्वांची ऋणी आहे. हार टेबलावरच राहू द्या. उठा आता.