हॉर्न समजून दाबलेला गियर

गियर दांड्यानंच टाकावा, हे माझं मत एका म्हशीनं पक्कं केलं, ऐका.

माझी पोरगी इंजिनिअरिंगले. तिनं वर्गातल्या पोट्ट्यांसोबत मोटरसायकलचं इंजिन लावून रेसची गाडी बनवली. स्पर्धा पुढच्याच आठवड्यात. मले म्हणे, "बाबा, यात दांडा नाही. स्टिअरिंगवरचं बटन दाबलं का मोटर गियर बदलते."

म्हटलं, एक चक्कर मले मारू दे. आमच्या रायपूरच्या उरला कारखाना-भागातल्या रिकाम्या रस्त्यावर निघालो, तं समोर म्हैस. सवयीनं बटन दाबलं. आवाज काही आला नाही, गाडी मात्र झेपावली. पुन्हा दाबलं, तं आणखी जोरात! मागून पोरगी धावत ओरडते, "बाबा, वो हॉर्न नहीं, गियर है!"

घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. वरच्या गियरात इंजिन गचके खाऊन बंद पडलं, म्हशीच्या शेपटीपासून हातभर अंतरावर. म्हैस शाबूत, पोरीची गाडी शाबूत. माझा जीव भांड्यात पडला.

पोरगी धापा टाकत आली. "बाबा, ब्रेक क्यों नहीं मारा?"

"अवं पोरी, हॉर्न वाजवल्याबिगर ब्रेक मारते का कोणी रायपुरात?"